वाळू पुढे पळते

"तू तिथे येणार नाहीस."

"मग वाळू इथे घेऊन ये. मी इथेच बघते."

"आई, ही काय चेष्टेची वेळ आहे का?"

"चेष्टा कोण करतंय? मी चपला शोधतेय."

"लोक काय म्हणतील? आईला घेऊन आला. मास्तरांनी बोलावलंय का मला शाळेत?"

"शाळेत बोलावलं होतं तेव्हा एकदाही आले नव्हते. ती भरपाई समज."

लेक दारात आडवा उभा होता. एकोणतिशीचा उंचापुरा गडी, चौथ्या मजल्याबाहेर वीतभर रुंदीच्या फळीवर उभा राहून शिट्टी वाजवणारा. पण आईने दोन बोटं दंडाला लावली की तो आजही बाजूला व्हायचा, आणि आत्ताही झाला. चपला त्याच्याच मागे होत्या.

"वाळू नऊला उचलणार आहेत," तो पडेल आवाजात म्हणाला.

"आठ वाजून गेलेत. चल."

भांडण लागलं होतं ते तिने विचारलेल्या एका प्रश्नावरून. काल संध्याकाळी तो घरी आला, डबा न धुताच ओट्यावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. सकाळी उठल्यावर सगळं एका दमात सांगून टाकलं, आणि शेवटी म्हणाला की ऑफिसात काहीही ठरू दे, मी आता वर चढणार नाही. आईने ऐकून घेतलं. सांगून झाल्यावर एवढंच विचारलं, "वाळू कुठे उडाली होती?"

"कुठे म्हणजे? सगळीकडे."

"सगळीकडे म्हणजे कुठे?"

उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो, तसा त्याने चढवला.

झालं होतं ते असं. लेक परांच्या बांधायचा. इमारत उभी राहताना तिच्या अंगाभोवती लोखंडी पाइपांचा जो पिंजरा चढतो, ज्यावर उभे राहून गवंडी आणि रंगारी काम करतात, तो पिंजरा उभारणं हा त्याचा धंदा. या कामावर समोरासमोर दोन इमारती होत्या, मध्ये मोकळं आवार. एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर लेक परांची चढवत होता. समोरच्या इमारतीचं बाहेरचं काम संपलं होतं, तिथली परांची दुसरी एक टोळी उतरवत होती. लेकाच्या बरोबर खाली, भिंतीला लागून, ताडपत्रीवर गिलाव्याची चाळलेली वाळू पसरली होती. तिच्या कडेला उपड्या ड्रमवर गवंडीकाका चहा पीत बसले होते. दुपारचे साडेतीन.

आणि वरून पाइप जोडायचा एक लोखंडी क्लॅम्प आला. किलोभर वजनाचा. काकांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर वाळूत धप्पकन बसला. मूठभर वाळू काकांच्या अंगावर, चिमूटभर त्यांच्या कपात. काकांनी कपात बघितलं आणि म्हणाले, "साखर घातली होती की आधीच." मग कुणीतरी त्यांच्या हातातून कप काढून घेतला.

सगळ्यांनी माना वर केल्या. वर लेक होता. दुसरं कुणीच नव्हतं.

त्याने तिथल्या तिथे हिशेब केला. सकाळी बारा क्लॅम्प वर नेले होते. आठ आवळले होते आणि थैलीत तीन होते. म्हणजे एक नव्हता.

कामावरची सुरक्षेची अधिकारी, जिला सगळे सेफ्टी मॅडम म्हणत, वयाने लेकाहून लहान होती आणि शब्दाला पक्की होती. तिने ताडपत्रीभोवती लाल पट्टी बांधून घेतली, फोटो काढले आणि विचारलं, तुमच्या हातून पडला का? लेक म्हणाला, पडला असेल. मॅडम म्हणाली, असेल की पडला? लेक म्हणाला, "एक कमी आहे, मॅडम." मग तिने कागद काढला. उद्या दहा वाजता या, वाचा, सही करा. सही झाली की उंचीवर काम करायचं कार्ड जमा. पुढे खालीच पाइप मोजायचे आणि रचायचे.

कार्डाचं त्याला दुःख होतं, पण तो बसला होता भिंतीकडे तोंड करून ते वेगळ्याच गोष्टीसाठी. या कामावर त्याला आणलं होतं गवंडीकाकांनी. हातभर अंतर. आपल्या हाताने आपण त्या माणसाला जवळजवळ मारलंच होतं, आणि हाताला कळलंही नव्हतं. हेच त्याला खात होतं. ज्या हाताचा भरवसा नाही, तो घेऊन वर कसं चढायचं?

आता आईला वाळूचं एवढं काय पडलं होतं, ते सांगायला हवं.

एका कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागात तिने एकतीस वर्षं काढली. हुद्दा शिपाई, काम वाळूचं. तळघरातल्या एका खोलीत, जिथे खिडकी मुद्दामच नव्हती, खाटेएवढा एक लाकडी ट्रे होता. त्यात वीतभर वाळू. वर लोखंडाची अर्धगोल कमान, कमानीवर अंशांच्या खुणा, आणि तिच्यावर सरकणारी स्प्रिंगची बंदूक. विभागातले एक सर तिच्यातून गोटीएवढ्या पोलादी गोळ्या वाळूत मारायचे. कधी सरळ खाली, कधी तिरप्या, कधी अगदी निसटत्या. पडलेला खड्डा मोजायचे, आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्यापासून म्हणजे काय, ते तिलाच माहीत. वाळू काढायची, चाळायची, मोठ्या कढईत परतून कोरडी करायची, थंड होऊ द्यायची, आणि भुरभुर ओतून काचेच्या पट्टीने सपाट करायची. दाबायची नाही. दाबलं की वाळू ते लक्षात ठेवते, असं सर म्हणत. एका गोळीमागे दीड तास. गोळीला लागायचा डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढा वेळ. लग्नानंतर पहिल्या वर्षी नवऱ्याने विचारलं होतं, तू तिथे नेमकं करतेस काय? ती म्हणाली, "सर खड्डे पाडतात, मी बुजवते." तो म्हणाला, म्हणजे रस्ता खात्यातच आहेस.

सर कृश, सारखे शिंकणारे, आणि आपल्या कामाबद्दल इतके आग्रही की वाळूच्या खोलीत कुणी मोठ्याने हसलेलंही त्यांना चालत नसे. संध्याकाळी गोळी मारून ते ट्रेकडे न बघताच तासावर धावत आणि खड्डा मोजत दुसऱ्या दिवशी सकाळी. मधल्या वेळात खोली तिच्या ताब्यात.

आणि तिला पसारा खपत नसे. खड्ड्याभोवती, ट्रेच्या कडेवर, खाली फरशीवर वाळू उडालेली असायची. ती रोज मऊ कुंचल्याने सगळी हलकेच झाडून घ्यायची, खड्ड्याला धक्का न लावता. सकाळी सरांना खड्डा मिळायचा घासलेल्या वाटीसारखा.

सर मोजायचे, लिहायचे आणि डोकं खाजवायचे. सरळ मारली तरी खड्डा गोल. तिरपी मारली तरी गोल. आणखी तिरपी, तरी गोलच. बाहेरचे लोक त्यांच्या लेखांत लिहीत होते की तिरप्या माऱ्यात वाळू एका बाजूला पंख्यासारखी उडते. सरांच्या ट्रेमध्ये पंखाच नव्हता. त्यांनी वाळू तीनदा बदलली. गोळ्या बदलल्या. हवेतल्या दमटपणाला नावं ठेवली. सतरा महिने असे गेले.

मग एकदा तिला ताप आला आणि ती दोन दिवस घरी राहिली. परत आली तेव्हा सर दारातच उभे, लहान मुलासारखे. बघा बाई, तुम्ही नव्हता आणि काय झालं ते बघा! ट्रेमध्ये गोल खड्डा होता, आणि खड्ड्यापासून गोळी ज्या दिशेने जात होती त्या दिशेला वाळूचा लांब पंखा, थेट कडेपर्यंत. मागची बाजू कोरी.

तिला त्या क्षणी कळलं. कुणीही कधी धरलं नसतं. सर वाळूची चूक मानून मोकळे झाले असते. तिने तो दिवस आणि ती रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी सरांसमोर उभी राहून म्हणाली, "मी झाडत होते सर. रोज."

सर स्टुलावर बसले. चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. "सतरा महिने?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. मग त्यांना हसू आलं, हसता हसता शिंका आल्या, आणि शिंकांच्या मधून ते म्हणाले की एवढी स्वच्छ प्रयोगशाळा पृथ्वीच्या पाठीवर दुसरी नसेल. नोकरी राहिली. फक्त एक नवा नियम आला. वाळूला हात लावण्याआधी बाईंनी नुसतं बघायचं आणि गोळी कुठून आली ते तोंडाने सांगायचं. सर लिहून घेणार.

पुढे त्याचा खेळच झाला. सर तिला बाहेर पाठवत, कमान फिरवत, गोळी मारत आणि हाक मारत. ती आत येई, कमरेवर हात ठेवून वाळूकडे बघे आणि सांगे, "कपाटाकडून आली. पंचेचाळीस असेल." सर कमानीवरची खूण बघत. पहिल्या वर्षी ती दहापैकी सहा वेळा चुकायची. निवृत्त झाली तेव्हा पाच अंशांपलीकडे चुकली तर सर विचारत, बाई, बरं वाटत नाही का आज?

तिला जे कळलं होतं ते तिने कुठे लिहिलं नाही. खड्डा बघून फसायचं नाही, कारण गोळी चांगली तिरपी आली तरी तो गोलच पडतो. अगदी वाळूला घासून गेली तरच लांबट होतो. बघायचं ते भोवती. वाळू पुढे पळते. जिकडे गोळी निघाली होती तिकडचा काठ उंच होतो आणि त्याच्यापुढे कण दूरवर पडतात. जिकडून ती आली तिकडे जवळपास काही नाही. सरळ पडली तरच चारी बाजूंना सारखी.

ही कथा लेकाने शंभरदा ऐकली होती. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने एकदा तरी ऐकलीच होती. म्हणूनच सकाळी तिने वाळूचं विचारलं तेव्हा तो चिडला. घरचं कौतुक घरात ठीक होतं. चार लोकांत आईचं हसं झालेलं त्याला नको होतं, त्यातून आज.

कामावर पोहोचायला त्यांना वीस मिनिटं लागली. दारावर वॉचमनने तिला पाहुण्यांचं पिवळं हेल्मेट दिलं. ते तिच्या भुवयांपर्यंत उतरलं. ते एका हाताने वर धरत ती आवारात आली आणि तिथेच थबकली.

झाडणारी बाई लाल पट्टीच्या आत होती. ताडपत्रीच्या उघड्या कडेवर उडालेली वाळू झाडूने गोळा करून परत मूळ वाळूत ढकलत होती. डावीकडची दोन हात जागा लख्ख झाली होती.

"अगं बाई, थांब. थांब तिथेच."

झाडणारी दचकली. म्हणाली, नऊला उचलायची आहे ना, म्हणून आवरत होते, वाया कशाला घालवायची. आई तिच्याकडे बघत राहिली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला हसू फुटलं. झाडणारीला वाटलं आपल्यालाच हसतायत. "तुला नाही गं," आई म्हणाली. "मीही हेच करायचे. तू दोन हातच झाडलंस, मी सतरा महिने झाडलं होतं."

तेवढ्यात सेफ्टी मॅडम आली. मागून गवंडीकाका, आणि काकांच्या मागे समोरच्या टोळीचा मुकादम, कारण गर्दी दिसली की त्याचे पाय आपोआप तिकडे वळत. मॅडमने सभ्यपणे पण ठामपणे सांगितलं की मावशी, पट्टीच्या आत जाता येणार नाही. आई म्हणाली, जात नाही, इथूनच दिसतंय.

ती उकिडवी बसली. हेल्मेट मागे सरकवलं. खड्डा ताटलीएवढा, गोल. मधला क्लॅम्प कालच उचलला होता. ती खड्ड्याकडे एक नजर टाकून पुढे सरकली आणि ताडपत्रीच्या कडेने भिंतीकडे बघत राहिली. मग मागे वळून आवारापलीकडच्या इमारतीकडे बघितलं. मग पुन्हा वाळूकडे. लेक दूर उभा होता, हातांची घडी घालून, आईच्या पाठीकडे बघत. ही पाठ अशी ताठ कधी होते ते त्याला माहीत होतं, आणि त्याने घडी सोडली.

"हा वरून पडलेला नाही," ती म्हणाली. "समोरून आलाय."

मॅडम म्हणाली, "मावशी, खड्डा गोल आहे. तिरका आला असता तर लांबट झाला असता."

"सगळ्यांना तसंच वाटतं. आमच्या सरांनाही वाटायचं." तिने बोट दाखवलं. "वाळू बघा. सगळी भिंतीच्या बाजूला उडालीय. भिंतीवरही लागलीय, ते बघा ठिपके. आणि अलीकडे, आवाराच्या बाजूला? काही नाही. झाडलेलं नाही तिथे, नुसतंच कोरं आहे."

मुकादम म्हणाला की काल वारा होता. आई म्हणाली, वाऱ्याने बारीक वाळू उडते, ही लांब गेलेली जाडी आहे, चिमटीत धरून बघा. मुकादमाने धरली नाही. मग तोच म्हणाला, तुमच्या पोराचा क्लॅम्प वरच्या पाइपाला आपटून तिरपा झाला असेल. त्यावर आईने त्याच्याकडे नीट बघितलं, जसं ती चाळणीत अडकलेल्या खड्याकडे बघायची.

"भिंतीलगतच्या पाइपावर आपटला तर भिंतीपासून लांब जाईल ना हो. मग वाळू आवाराकडे पळाली असती. ही भिंतीकडे पळालीय."

गवंडीकाका हळूच म्हणाले, "माझ्या कपात आली ती. मी भिंतीला टेकून बसलो होतो." आणि त्यांनी ड्रमची जागा दाखवली. खड्डा आणि भिंत यांच्या मध्ये, भिंतीलगत.

मॅडम हट्टी नव्हती, पण कागदावर 'एका मावशींचं म्हणणं' असं लिहिता येत नाही, हे तिने सांगितलं. आई म्हणाली, माझं म्हणणं लिहू नका, करूनच बघा. गिलाव्याची लांब पट्टी द्या, आणि दोन क्लॅम्प.

मॅडमने लाल पट्टी वर उचलून तिला आत घेतलं. कालच्या खड्ड्याची बाजू तशीच ठेवून उरलेल्या वाळूवर तिने पट्टी धरली. गुडघ्यांनी आधी कुरकुर केली, मग हात आपोआप चालायला लागले. पट्टी न दाबता, न थांबता, एका श्वासात ओढायची. काकांनी चाळीस वर्षं भिंती सपाट केल्या होत्या. ते कंबर वाकवून बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही आमच्याकडे का नाही आलात?"

आवार मोकळं केलं. मॅडमने शिट्टी दिली. चौथ्या मजल्यावरून लेकाच्या टोळीतल्या एकाने एक क्लॅम्प नुसता सोडला. धप्प. गोल खड्डा, आणि भोवती सगळ्या बाजूंना सारखी वाळू, फुलासारखी. मॅडमने फोटो काढला.

"आता समोरून," आई म्हणाली. "दुसऱ्या मजल्यावरून. त्याहून वर नको, इतका तिरपा यायचा नाही."

मॅडमने मुकादमाकडे बघितलं. मुकादम म्हणाला, आम्ही फेकत नाही, आमच्याकडे दोरी आहे, बादली आहे, नियमाने उतरवतो. मॅडम म्हणाली, माहीत आहे, नियमाने उतरवता, आज एकदा बिननियमाने फेका. तो गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या फळीवर उभा राहिला, क्लॅम्प हातात तोलला, आणि टाकला.

क्लॅम्प आवारावरून कमान घेत आला आणि पहिल्याच फेकीत वाळूच्या मध्यावर बसला. खड्डा गोल. वाळू भिंतीकडे, पंख्यासारखी. कालच्याच खड्ड्याचा जुळा भाऊ.

मग गवंडीकाका म्हणाले, "हात बसलाय हो मुकादमाचा."

एवढा नेम पहिल्या खेपेला कुणाचा लागत नाही. मुकादम खाली येईपर्यंत आवारातल्या प्रत्येकाला ते कळलं होतं आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्यालाही कळल्याचं दिसत होतं. आईची नजर तोवर दुसरीकडे गेली होती. आवाराच्या मध्यभागी न चाळलेल्या वाळूचा मोठा ढीग होता. त्याच्या समोरच्या इमारतीकडच्या उतारावर ठिकठिकाणी वाळू खचून घसरली होती. ती तिथे गेली, कोपरापर्यंत हात घातला आणि एक क्लॅम्प बाहेर काढला. काकांनी दुसऱ्या बाजूला हात घातला, दुसरा काढला. तिसरा झाडणाऱ्या बाईने काढला आणि मुकादमाच्या पायाशी ठेवला, अगदी नीट, जणू त्याचंच काहीतरी सांडलं होतं.

मग मुकादमाने सांगून टाकलं. दोरीने उतरवायला दिवस जातो. वाळूच्या ढिगात फेकलं की तुटत नाही, आवाज होत नाही, संध्याकाळी गोळा करायचे, काल मात्र गडबडीत राहून गेले. सगळे फेकतात. काल आपल्या हातून एक जरा जोरात गेला आणि ढिगावरून पुढे. सगळ्यांनी या पोराकडे वर बघितलं तेव्हा आपण मान खाली घातली. हे शेवटचं वाक्य त्याने काकांकडे बघून म्हटलं. काका म्हणाले, "गुडघा शाबूत आहे रे. पण चहा गेला तो गेला." मॅडमने त्याच्यासाठी दुसरा कागद काढला.

पण लेकाच्या चेहऱ्यावरचं मळभ अजून पुरतं गेलं नव्हतं. "तरी माझा एक कमी आहे," तो म्हणाला. "तो कुठे गेला?"

मॅडम म्हणाली, वर जाऊन मोजा.

तो परांचीपाशी गेला आणि पहिल्या पाइपावर हात ठेवून तसाच उभा राहिला. आईने तोंड दुसरीकडे केलं, कारण काही गोष्टी बघितल्या की बिघडतात. गवंडीकाकांनी मात्र ड्रम उचलला, कालच्याच जागी, बरोबर लेकाच्या फळीखाली आणून ठेवला, आणि त्यावर बसले.

"जा," ते म्हणाले. "मी इथे आहे. आणि येताना चहाचं सांग."

लेक चढला. पहिले दोन मजले सावकाश, प्रत्येक पाइप नव्याने भेटल्यासारखा धरत. मग त्याच्या पायांना त्यांची जुनी ओळख पटली. वर पोहोचून त्याने पट्टा अडकवला आणि एकेक सांध्यावर हात ठेवत मोठ्याने मोजायला लागला. खाली सगळे माना वर करून. सहा. सात. मग तो कोपऱ्याशी गेला, बरोबर काकांच्या डोक्यावरच्या सांध्यापाशी, आणि थांबला.

"आठ. नऊ," तो वरून म्हणाला. आणि मग पुन्हा एकदा, "नऊ. इथे दोन आहेत."

त्याला आठवलं. सगळ्या सांध्यांना एकेक क्लॅम्प लावून झाल्यावर त्याने खाली बघितलं होतं, काका चहा घेऊन बसत होते. हा सांधा काकांच्या डोक्यावर आहे, असं म्हणून त्याने तिथे आणखी एक आवळला होता. कामाच्या नियमात नव्हता म्हणून तो मोजण्यातही आला नव्हता.

आईचा जीव भांड्यात पडला. तो इतका वेळ कुठे होता हे तिलाही पडल्यावरच समजलं. ती ढिगाच्या कडेला बसली आणि हेल्मेट काढून त्याने स्वतःला वारा घालायला लागली, आणि मॅडमने कामावर हेल्मेट काढायचं नसतं हे तिला सांगितलं नाही.

दहाचा कागद मॅडमने त्यांच्यासमोर फाडला. ऑफिसात चहा आला, गवंडीकाकांना दोन कप. मॅडमने आईला विचारलं की तुम्ही कुठल्या विषयात शिकलात? आई म्हणाली, सातवी. मग मॅडमला ती सतरा महिन्यांची कथा ऐकावी लागली, पहिल्यापासून, शिंकांसकट. लेक कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. आज त्याने मध्ये एकदाही 'आई, पुरे' म्हटलं नाही. सरांनी चष्मा पुसला तिथे तर तो नकळत पुढे झुकला.

आई निघाली तसा तो दारापर्यंत आला. कार्ड गळ्यात परत होतं आणि तो ते सारखं चाचपत होता.

"आई."

"काय रे?"

"वाळू जर सारखी उडालेली असती. चारी बाजूंना. तर तू मॅडमना सांगितलं असतंस?"

आईने पाहुण्यांचं हेल्मेट खुंटीवर टांगलं. कपाळावर त्याची रेघ उमटली होती, ती तिने बोटाने चोळली. लेकाच्या शर्टाच्या खांद्यावर वाळू होती, ती झटकायला हात वर गेला आणि मध्येच खाली आला; वाळू तिने तशीच राहू दिली. मग तिने पिशवी उचलली आणि दारातून बाहेर पडून ती रस्त्याला लागली.